झाड पडेपर्यंत

तुमच्या घराची मुदत कुणी एका झाडावर ठेवली, झाड उभं आहे तोवर राहा, पडलं की चालते व्हा, तर तुम्ही काय कराल? हसाल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. तिमोतिउस आपोलुस हसला नव्हता. त्याला वाटलं होतं, आपल्याला कायमचं घर मिळालं.

आणि त्याचं अगदीच चुकलं होतं असं मला म्हणवत नाही. झाड कोणतं, ते बघा. कोकरबूम. बाणांच्या भात्याचं झाड. जुनी माणसं त्याची फांदी आतून कोरायची, एका टोकाला चामडं शिवायची, की झाला भाता. झाड म्हणायचं, पण आत लाकूड म्हणावं असं काही नाही. कोरफडीच्या कुळातलं आहे ते. कोरफड दुमजली घराएवढी वाढली, तिला खोड आलं आणि ती काळ्या दगडांच्या राशीवर जाऊन उभी राहिली, तर जशी दिसेल तसं. खोडाची साल सोनेरी आणि मेणासारखी गुळगुळीत, पण जिथे सुटते तिथे पात्यासारखी धारदार. लहानपणी माझा तळहात तिनेच चिरला होता. फांद्या जोडीजोडीने फुटतात, एकीच्या दोन, दोनांच्या चार. त्यांच्यावर खडूसारखी पांढरी भुकटी असते, ती ऊन परतवते. टोकाला निळसर जाड पानांचे झुबके. आमच्याकडची थंडी जूनमधली, त्या थंडीत पिवळी फुलं येतात, तेव्हा मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो आणि माकडं फुलं ओरबाडायला डोंगरातून खाली उतरतात. सुगरणीच्या जातीचे पक्षी त्यावर गवताची एवढी मोठी गंजी बांधतात की लांबून वाटावं, कुणी झाडावर छप्परच चढवलंय.

असं झाड किती जगतं? कुणी सांगू शकत नाही. आत वलयं नसतात, त्यामुळे कापूनही मोजता येत नाही. आजोबाच्या आजोबाने पाहिलं तेव्हाही ते एवढंच होतं, असंच सगळे सांगतात. तेव्हा एखाद्या गोऱ्या मालकाने आमच्या नामा जमातीतल्या आपल्या गड्याला म्हटलं, "तिमो, ते झाड जमिनीवर पडेपर्यंत तू इथे राहा," तर गड्याने काय समजावं? समजायचं तेच तो समजला.

मालकाचं नाव फिलयून. शेत वितपान, कीटमन्सहूप शहरापासून पुढे, धुळीच्या रस्त्याने. शेत म्हणजे तुम्हाला वाटतंय ते शेत नाही. पेरायला तिथे काही नाही. मेंढ्या, दगड आणि तार. फिलयूनच्या जमिनीच्या एका अंगाला काळ्या खडकांचा पट्टा आहे. तिथे कुंपणाच्या खांबासाठी खड्डा खणायला गेलं की पहारीतून ठिणग्या उडतात. दोन ठेकेदार येऊन हात टेकून गेले होते. तिमोतिउस तेव्हा विशीतला, तार ओढणाऱ्यांच्या टोळीतला पोरगा. त्याने खड्डे खणलेच नाहीत. दोन खडकांमधल्या फटी शोधल्या, खांब त्यात ठोकून बसवले, भोवती दगड रचून आवळले आणि तार अशी ताणली की बोटाने छेडली तर वाजावी. कोल्ह्याचं नाकसुद्धा आत जाणार नाही असं ते कुंपण. आजही बघा, एक खांब कललेला नाही. फिलयून खूश झाला. तिमोतिउसची बायको साना पोटुशी होती. फिलयूनने टेकाडावर, त्या कोकरबूमच्या शेजारी त्यांना जागा दिली, चार बकऱ्या पाळायची मोकळीक दिली आणि झाडाचं ते वाक्य बोलला.

त्यानंतरचं तिमोतिउसचं आयुष्य म्हणजे तार. वितपानची तार, शेजारच्या शेताची तार, त्याच्याही शेजारची. आमच्या पणज्यांच्या बकऱ्या जिथून पाण्याला जायच्या त्या वाटांवर आडवी तार. नात्याने तो माझा कुणी नाही, पण मी त्याला आजोबाच म्हणते. कधी चिडून त्याला म्हटलं, "आजोबा, आपल्या लोकांना बाहेर ठेवायला तुम्हीच ना राबलात," तर तो चहा ढवळत म्हणायचा, "डिना, तार कुणीतरी ओढणारच होतं. दुसऱ्याने ढिली ओढली असती." या माणसाला कामाचा गर्व होता, आणि तो गर्व मोडायची माझी काय लायकी, असं मला त्याचे हात बघून वाटायचं. मग मी दुसऱ्या कुणावर तरी ओरडायची. शहरातल्या वस्तीत माझं काम तेच आहे. टॅक्सी स्टँडमागे एक खोली, तिच्यात शेतमजुरांची समिती, समितीत मी आणि जो कुणी त्या दिवशी कामावरून काढला गेला असेल तो.

साना गेली, तिला झाडापासून हाकेच्या अंतरावर पुरलं, वर पांढरे दगड मांडले. मुलगी राखेल शहरातल्या वस्तीत राहायला आली. मग फिलयूनने शेत विकलं.

विकताना त्याने एक मात्र केलं. सगळे गडी अंगणात गोळा केले आणि नव्या मालकासमोर ते झाडाचं सांगितलं. नवा मालक रियान, तरणा, राजधानी विंडहुककडून आलेला. तो हसला. त्याने तिमोतिउसचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "चालेल. झाड पडलं की बकऱ्या घेऊन बाहेर. कबूल?" तिमोतिउसने मान हलवली. फिलयूनच्या तोंडी जे आशीर्वादासारखं होतं, तेच याच्या तोंडी नोटिशीसारखं झालं. शब्द तेच होते. मी वकिलाकडे गेले, वकील म्हणाला तोंडी शब्दाचं वजन न्यायाधीश ठरवेल, बघू. वकिलांचं "बघू" मला पाठ आहे.

रियानला त्या टेकाडावर पैसे देऊन राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. पण पाहुण्यांनीच घोटाळा केला. सूर्य मावळताना ते गाड्यांतून उतरायचे आणि नेमके तिमोतिउसच्या झाडाचे फोटो काढायचे, कारण तिथे झोपडी होती, धूर होता, बकऱ्या होत्या आणि दारात टोपी घातलेला म्हातारा होता. खोल्यांचा बेत मागे पडला. रस्त्यावरच्या पाटीवर झाड आलं, झाडाखाली टोपीवाल्याची काळी आकृती आली.

मग सुरू झालं एकेक. झोपडीवर नवा पत्रा टाकायचा नाही, चकाकतो. पाण्याची हिरवी प्लास्टिकची टाकी खडकामागे न्यायची, फोटोत येते. बकऱ्या ऊन तिरपं व्हायच्या आत परत आणायच्या. यावर तिमोतिउस एकदा बोलला. म्हणाला, साहेब, या वेळी त्यांचं पोट अर्धंही भरलेलं नसतं. रियान म्हणाला, सकाळी लवकर सोड. बोलायला गोड माणूस, शिवी कधी देणार नाही. फाटकाला त्याने आकड्यांचं कुलूप लावलं आणि तितक्याच गोडीने सांगितलं, "बाहेर जायचं तर जा, तिमो. परत येताना मला विचारून ये, एवढंच."

एवढंच. आता मला सांगा, जे विचारून मिळतं ते नाकारताही येतं की नाही? तिमोतिउसने पलीकडच्या शेतावर पाहिलं होतं. एक कुटुंब मयतीला म्हणून गेलं, परत आलं तर चुलीची जागा सपाट. तो बाहेर जायचाच थांबला. आधी रविवारचं चर्च सुटलं. मग दाढ दुखायला लागली तरी शहरात यायचं सुटलं; दाढ त्याने तारेच्याच पकडीने काढली आणि मला ती गोष्ट गमतीची म्हणून सांगितली. मी त्याच्याकडे जायची ती भाजीवाल्याच्या गाडीत मागे बसून, कारण फाटकावर माझं नाव घेतलं की कुलूप उघडत नसे.

त्यातच पाऊस जायला लागला. एक वर्ष, दुसरं, मग वर्षं मोजणं लोकांनी सोडून दिलं. कोकरबूम असल्या दिवसांत काय करतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ते पळू शकत नाही. मुळं उथळ, दगडांना बोटांसारखी धरून पसरलेली. खोल पाणी शोधायची त्यांची जातच नाही. जे काही पाणी आहे ते खोडात. मग झाड हिशेब करतं आणि आपल्याच एका फांदीचं पाणी आतून बंद करतं, बुच लावल्यासारखं. पुढची पानं आकसतात, फांदी वाळते, एके दिवशी गळून पडते, आणि जागेवर गोल थोटूक राहतं. खोड वाचतं. पुन्हा पाऊस नाही, पुन्हा एक फांदी.

एरवी तिमोतिउसने त्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. आता फांदी पडली की त्याचा चेहरा उतरायचा. पडलेली फांदी तो घाईघाईने खडकाआड नेऊन टाकायचा, जणू कुणी मोजणार आहे. आणि एकदा मी गेले तेव्हा तो आपल्या पिण्याच्या पाण्याची बादली बुंध्याशी ओतत होता.

मी तिथेच भडकले. "आजोबा, सडवताय का त्याला? पोरंटोरंही सांगतील, याच्या मुळाशी पाणी ओतायचं नसतं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय. सकाळी उठतो आणि हात आपोआप बादलीकडे जातो." तो बादली पालथी ठेवून तिच्यावर बसला. "बघत बसणं जमत नाही, डिना. तार असती तर ताणली असती."

हे असं चाललेलं असताना राखेलच्या पोरीचं, लोरेन्सियाचं, ठरलं. पोरगा बेथानी गावचा, रस्त्याच्या कामावर. आता आमच्यात मुलगी मागायला येतात ती काय तऱ्हा आहे, ते मी थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला. मुलाकडचे येतात आणि मुलीच्या घराबाहेर बसतात. मुलीकडचे त्यांना बघतच नाहीत. कुणी विचारत नाही, पाणी देत नाही. उन्हात बसवतात, कधी परत पाठवतात, पुन्हा यायला लावतात. जेवढं जास्त ताटकळत ठेवलं तेवढं घर मानी. मुलाकडच्यांनी तोंड उघडायचं नाही, खाली मान घालून बसायचं. आणि उत्तर द्यायचं ते घरातल्या थोरल्याने. थोरला म्हणजे तिमोतिउस. तो शहरात येणार नाही, म्हणून मुलाकडचे वितपानला जाणार असं ठरलं. रियानलाही राखेलने सांगून ठेवलं होतं, तो "येऊ देत की" म्हणाला होता.

त्या दिवशी रियान पाहुण्यांना घेऊन दुसरीकडे गेला आणि फाटकावरच्या गड्याला सांगायचं विसरला. विसरला की काय, ते देव जाणे. गडी नवा, उत्तरेकडचा. त्याला आमची नामा भाषा येत नाही, कुलूप उघडायचा हुकूम नाही. मुलाकडचे फाटकापाशी गाडीतून उतरले. मुलाचा मामा फिलिप त्यांचा म्होरक्या. गड्याने हाताने खूण केली, थांबा. झालं. फिलिपने सगळ्यांना एका ओळीत खाली बसवलं, बायकांनी शाली डोक्यावर घेतल्या, आणि ते थांबले.

दिवसभर थांबले. डोक्यावर ऊन, खाली खडी. कुणी पाणी विचारलं नाही, आणि त्यांना वाटलं, वा, काय घर आहे! फिलिप नंतर शपथेवर सांगत होता की त्याला मनातून बरं वाटत होतं. भाच्याला असल्या तसल्या घरातली मुलगी मिळत नव्हती. आणि वर टेकाडावर तिमोतिउस पांढरा सदरा आणि सानाने शिवलेला कोट घालून झाडाखाली बसला होता. फाटक तिथून दिसत नाही. त्याने चहाची किटली तीनदा निखाऱ्यांवरून उतरवली आणि पुन्हा ठेवली. संध्याकाळी त्याने कोट काढला आणि ठरवलं की मुलाकडच्यांनी शब्द मोडला. फिलिपची माणसं उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, उद्या पुन्हा यायचं.

ती दुसऱ्या दिवशीही आली. दुसऱ्या दिवशीही गड्याने हात दाखवला. आणि आता सांगा, यात कोण कुणाला विचारणार? एकाने विचारलं तर रीत मोडते, दुसऱ्याने विचारलं तर नाक कापलं जातं. भाजीवाला तिथून गेला म्हणून मला कळलं. त्याने सहज म्हटलं, वितपानच्या फाटकावर कालपासून प्रार्थना चालली आहे का गं, माणसं मान खाली घालून बसलीत.

मी त्याचीच गाडी उलटी फिरवायला लावली. फाटकावर गेले तर फिलिप मान वर करीना. मी म्हटलं, मामा, हे आपोलुसांनी नाही अडवलं तुम्हाला, कुलपाने अडवलंय. त्याला ते पटेना. पटायला लागलं तसा त्याचा चेहरा बघवेना. दोन दिवस तो एका कुलपासमोर मान घालून बसला होता.

मग मी कुंपणाच्या कडेने चालत, धडपडत, टेकाडाच्या खालच्या बाजूला गेले आणि हाका मारल्या. तिमोतिउस उतरून आला. त्याला सांगितलं. तो वळला आणि कोट घालून आला. फिलिपच्या माणसांनाही मी तिकडे बोलावून घेतलं आणि मागणी तिथेच झाली. मुलाकडचे तारेच्या त्या अंगाला खडकांवर, तिमोतिउस या अंगाला एकटा, मध्ये त्याने स्वतः ओढलेलं कुंपण. मुलीकडून बोलायला आणखी कुणी नको का? राखेल शहरात लोरेन्सियाजवळ होती. म्हणून मी बाहेर उभी राहून आतल्या बाजूची झाले.

फिलिपचा राग अजून उतरला नव्हता. "आपोलुसांची मुलगी मागायची म्हणजे आधी तुरुंगात भेटीला यावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं आम्हाला," तो म्हणाला.

"तार माझी आहे," तिमोतिउस म्हणाला. "नीट बस. रेलू नकोस तिच्यावर."

"रेललो तर पडेल काय?"

"पडेल ती नाही. तुझा सदरा फाटेल."

बायका शालीत तोंड लपवून हसल्या, आणि मग बैठक बसली. तिमोतिउसने रीतीप्रमाणे दोनदा नाही म्हटलं. पोरीला स्वयंपाक येत नाही म्हटलं, पोरगी तोंडाळ आहे म्हटलं, तुमच्या बेथानीला पाणी नाही म्हटलं. फिलिपने रीतीप्रमाणे सगळ्याला हो हो केलं. तिसऱ्यांदा तिमोतिउसने होकार दिला. होकारानंतर थोरल्याने आपल्या हाताने चहा द्यायचा असतो. कप तारेच्या घरातून बाहेर जाईना. कोल्ह्याचं नाक जात नाही तिथे कप कुठून जाणार! तो कप हातात घेऊन कुंपणापाशी उभा राहिला, वर पाहिलं, खाली पाहिलं. शेवटी तो एका दगडावर चढला, फिलिप एका दगडावर चढला, आणि कप काटेरी तारेवरून गेला. अर्धा सांडला.

लग्न ऑगस्टमध्ये ठरलं, शहरात. लोरेन्सिया स्वतः भाजीच्या गाडीतून येऊन आजोबाच्या पायाशी बसून गेली. तो म्हणाला येईन. मला वाटतं, त्या वेळी तो खरंच येणार होता. पांढरा सदरा त्याने निळीत घालून वाळवला. रियानकडे जाऊन टोपी हातात धरून विचारलं की लग्नाला जाऊन परत येऊ का, आणि रियान म्हणाला, अरे विचारतोस काय, जा ना. तिमोतिउसने मला ते सांगितलं तेव्हा तो खुशीत नव्हता. होकार इतक्या सहज आला की त्याला त्याचीही धास्ती वाटायला लागली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात पूर्वेचा वारा सुटला. हा वारा आमच्याकडे येतो तेव्हा वाळू दाराखालून आत येते आणि पत्रे उडतात. बुंध्याशी बादल्या ओतून ओतून झोपडीच्या अंगाची मुळं कुजली होती, हे मी सांगितलं नाही तरी तुमच्या लक्षात आलंच असेल. सकाळी झाड झोपडीच्या उलट दिशेला कललेलं होतं. झोपडीच्या बाजूची मुळं दगडांतून उचकटून वर आली होती. गंजीतले पक्षी ओरडत होते. दोन माणसं रेटतील तर जाईल, अशी अवस्था.

रियान धावत आला, मागे त्याचे पाहुणे, कॅमेरे गळ्यात. पाटीवरचं झाड आहे ते. क्रेन त्या खडकांत चढत नाही. पोलादी तार हवी, तीन बाजूंनी खडकांत अडकवून ताणलेली. आणि ते काम करणारा माणूस पन्नास मैलांत एकच.

मी त्या दिवशी तिथे होते हे माझं नशीब. मी तिमोतिउसला बाजूला घेतलं. म्हटलं, आजोबा, जन्मात पहिल्यांदा रियानची मान तुमच्या हातात आहे. हात लावू नका. आधी कागद लिहून दे म्हणा, मग तार. आणि नाही देत तर पडू दे झाड. पडू दे. तो तुम्हाला काढायला येईल, आपण न्यायालयात जाऊ, सगळ्या शेतांवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांची केस होईल ती. मी उभी करते, बघा तुम्ही.

तो माझ्याकडे न बघता तारेचं भेंडोळं चाचपत होता.

"केस तुला मिळेल, डिना," तो म्हणाला. "मला रस्ता मिळेल."

मला राग आला. अजून येतो.

तरी मी सोडलं नाही. पाहुणे उभे होते, म्हणून मोठ्याने रियानला विचारलं, की साहेब, तारेने धरलेलं झाड म्हणजे पडलेलं झाड नव्हे ना? म्हाताऱ्याने हे काम केलं तर त्याचं घर राहील ना? एका पाहुणीने तिच्या नवऱ्याला विचारलं, ही बाई कशाबद्दल बोलते आहे. रियानने इकडेतिकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, अर्थातच, तार आहे तोवर तिमो आहे. मी म्हटलं, लिहून द्या. तो म्हणाला, माझ्या शब्दावर विश्वास नाही का. आणि पाहुणी म्हणाली, किती छान. पुढचं बोलणं तिथेच मेलं.

तिमोतिउसने दिवसभर काम केलं. मी तार धरली, फाटकावरच्या त्या उत्तरेकडच्या गड्याने खडकांत खुंट ठोकले. खोडाला थेट तार लावली तर मऊ सालीत ती चाकूसारखी रुतेल, म्हणून त्याने आधी जुन्या टायरची पट्टी गुंडाळली, वर तार, आणि मग ताणत गेला, हळूहळू, कान लावून. झाड सरळ नाही झालं. कललेलंच थांबलं. पाहुण्यांना ते आणखी आवडलं.

पण नवी तार सैल पडते. आणि वारा जोरात असेल तर रोज पडते. सकाळ-संध्याकाळ तिन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळावं लागतं, एका बाजूला जास्त झालं की दुसरीकडून मूळ उचलतं. हे त्याला काम घेतानाच माहीत होतं. मी म्हटलं, गड्याला शिकवा, एक दिवसाचा प्रश्न आहे, लग्नाला चला. त्याने गड्याला शिकवलंही. गड्याने तार ओढली, तिमोतिउसने ती बोटाने छेडली, आणि नाही अशी मान हलवली. मला त्यातलं कळत नाही. तार खरंच चुकीची होती की तो जाऊच शकत नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही.

लग्न झालं. थोरल्याच्या खुर्चीवर कोट ठेवला होता, तो सानाने शिवलेला. तेवढा त्याने माझ्याबरोबर पाठवला होता. बकरं कापलं, नाच झाला, धूळ उडाली. फिलिप मामाने खुर्चीपुढे चहाचा कप ठेवला, भरलेला, आणि कुणाला उचलू दिला नाही. लोरेन्सिया रडली नाही. ती म्हणाली, डिनामावशी, आजोबांना सांग, तार ढिली करा म्हणावं एकदा. मी तो निरोप पोचवला नाही.

या जूनमध्ये त्या झाडाला फुलं आली नाहीत. टोकाची पानं कागदासारखी झाली आहेत. पक्षी गंजी सोडून गेले. खोडावर टिचकी मारली की पोकळ वाजतं, मी मारून पाहिली. तिमोतिउस म्हणाला, नको मारूस. झाड मेलं आहे. पण पडलेलं नाही, आणि तो पडू देणार नाही. सकाळी उठतो, तिन्ही तारा आवळतो, बकऱ्या सोडतो, ऊन तिरपं व्हायच्या आत त्यांना परत आणतो, टोपी घालून दारात बसतो. संध्याकाळी पुन्हा तारा. त्याचं वय होत चाललंय. ताण द्यायच्या दांड्यावर तो आता छाती टेकून पूर्ण अंगाचा भार टाकतो. ज्या दिवशी हात उचलणार नाहीत त्या दिवशी काय, हे आम्ही दोघं बोलत नाही.

मेलेल्या झाडाचे फोटो रियान अजून विकतोच आहे. पाहुण्यांना लांबून फरक कळत नाही. म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही इकडे कधी आलात, आणि लोक येतातच, तर वितपानच्या फाटकावर थांबा. झाड बघायचं आहे असं म्हणू नका. म्हणा, आम्हाला तिमोतिउस आपोलुसना भेटायचं आहे. नाव नीट घ्या, पूर्ण घ्या, गड्याला पुन्हा विचारा, मालकाला बोलवायला लावा. आणि कुलूप उघडलं की टेकाडावर जाऊन कॅमेरा पिशवीत ठेवा, त्यांच्या हातातला तो दांडा घ्या, ते सांगतील तशी एक तार तेवढी आवळून द्या.